चिवट कमळाचा लातुरी हिवाळा

लातूरला हिवाळा येतो, पण राहायला येत नाही. पहाटे येतो, अंगाला थोडा झोंबतो, दहा वाजता ओशाळतो आणि दुपारी पंखा लावायला लावून निघून जातो. तरी आम्ही लातूरकर त्याचा मान ठेवतो. पारा जरा खाली आला की वर्तमानपत्रात 'लातूर गारठले' असा मथळा येतो, गंजगोलाईच्या बाजारात माकडटोप्यांचे ढीग लागतात आणि एरवी धोतरावर हिंडणारी माणसं स्वेटर घालून उन्हात घाम पुसत बसतात. अशा गावात मी पाण्यातल्या एका रोपाला थंडीपासून वाचवायला निघालो. हे वाचून कुणाला हसू आलं असेल तर त्याने थोडं राखून ठेवावं, पुढे लागेल.

रोप आमच्या साडूभाऊंनी दिलेलं. शिवशंकरराव नांदेडचे. उभी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. एवढी वर्षं पाण्याकडे बघत बसल्यामुळे पाण्याचा शोध आपणच लावला अशी त्यांची समजूत आहे. नांदेडला गोदावरी आहे, हेही ते स्वतःचं कर्तृत्व म्हणून सांगतात. त्यांच्या गच्चीवर एक टाकी आहे आणि टाकीत कुमुदिनी. सगळे तिला कमळच म्हणतात, आपणही कमळच म्हणू. आमच्या सासूबाई नागाबाई यांच्या पंचाहत्तरीला सगळं सासर जमलं होतं. जेवणं उरकल्यावर शिवशंकरराव मातीची एक कुंडी घेऊन आले आणि त्यांनी ती सर्वांसमक्ष माझ्या हातात दिली.

"हे घ्या प्राध्यापक. हार्डी जात आहे. म्हणजे चिवट. नर्सरीवाला म्हणाला, बर्फातसुद्धा मरत नाही." मग माझ्याकडे पाठ करून मंडळींना म्हणाले, "म्हणून तर यांना देतोय. पण हे मारून दाखवतील!"

सगळे हसले. सासूबाई कवळी सांभाळून हसल्या. माझी पत्नी मंजुषा हसली नाही, पण ज्या पद्धतीने ती हसली नाही ते हसण्याहून वाईट होतं. मी म्हणालो, "येळवशीच्या सणाला या लातूरला. जिवंत दाखवतो. पानासकट."

'पानासकट' म्हणायची काही गरज नव्हती. पण मी राज्यशास्त्र शिकवतो. आश्वासन द्यायचं म्हटलं की हात आखडता घेता येत नाही.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, म्हणजे मी पुढे जे केलं ते वेडेपणाचं न वाटता नाइलाजाचं वाटेल. शिवशंकररावांकडे माझ्यावरचे तीन किस्से आहेत. दिवाळसणाला मी घड्याळासकट गोदावरीत बुडी मारली, तो पहिला. भोकरला साखरपुड्याचे पेढे घेऊन निघालो आणि एसटीत झोप लागून धर्माबादला उतरलो, तो दुसरा. तिसऱ्यात मी एका वास्तुशांतीला शेजारी बसलेल्या गृहस्थांना आमदार कसा निवडतात हे समजावून सांगितलं, आणि ते गृहस्थ माजी आमदार निघाले. हे तिन्ही किस्से सासरच्या प्रत्येक लग्नात होतात. मंगलाष्टकं एखाद्या वेळी राहतील, किस्से राहत नाहीत. दरवेळी त्यांत भर पडते. हल्लीच्या आवृत्तीत मी धर्माबादला उतरून पेढे वाटूनही टाकतो. माझी मुलगी करिश्मा लहानपणापासून हे ऐकत आली आहे आणि आता पुण्याहून फोनवर ती मला दुरुस्त्या सुचवते. थोडक्यात, चौथा किस्सा मला परवडणारा नव्हता. कमळ जगणं म्हणजे मी जगणं, असा तो मामला होता.

लातूरला आणल्यावर मी कुंडी अंगणातल्या प्लास्टिकच्या टबात ठेवली. दिवाळी संपली आणि पानं पिवळी पडायला लागली. रोज एक. नवं पान यायचं ते रुपयाच्या नाण्याएवढं. आमच्या कॉलेजात माझ्या तासाची हजेरी अशीच घटत गेली होती, त्यामुळे ही लक्षणं मी ताबडतोब ओळखली.

आमच्या कॉलनीत आठ रो-हाउसेस आहेत आणि सल्ला देण्याच्या बाबतीत आठही घरं संपन्न आहेत. शेजारचे चंद्रप्पा अण्णा भुसार मालाचे आडते. कॉलनीचे अध्यक्ष तेच. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, खिशात हौदाची किल्ली. ते टबाशी उकिडवे बसले आणि बराच वेळ पाहून म्हणाले, "सर, ह्याला थंडी वाजायलीय."

"अण्णा, हे बर्फातलं झाड आहे."

"बर्फातलं हाय म्हनूनच. तिथं सवय असतीय. हितली थंडी निराळी, ती हाडात शिरती. कांबळं टाका वर."

अण्णांच्या पत्नी रत्नम्मा अक्का. माहेर बिदरकडचं, आणि कुठल्याही दुखण्यावर हळद हा त्यांचा इलाज. त्या गिलासभर कोमट पाणी घेऊन आल्या. "अय्यो, बाळंतिणीसारखं झालंय की ओ हे! रोज सकाळी एवढं घाला, चिमूटभर हळद टाकून."

मी शिकलेला माणूस. मी हळद घातली नाही. मी फोनवर व्हिडिओ पाहिला.

व्हिडिओत केसाळ टोपी घातलेला एक गोरा गृहस्थ गोठलेल्या तळ्याच्या काठी उभा होता. त्याच्या तोंडातून वाफ निघत होती, आणि माझा विश्वास बसला तो त्या वाफेमुळे. तो म्हणाला, चिवट कमळाची पानं हिवाळ्यापूर्वी कापून टाका. कुंडी तळ्यात जिथे पाणी सर्वांत खोल असेल तिथे सोडा, म्हणजे कंद बर्फाच्या खाली सुरक्षित राहील. पाण्यावर एक चेंडू तरंगत ठेवा, म्हणजे सगळं पाणी एकसंध गोठणार नाही. एवढं ऐकून मी व्हिडिओ बंद केला. पुढे आणखी काहीतरी होतं, पण मध्ये जाहिरात लागली. शिवाय अर्ध्यावर मत बनवायची मला कामाची सवय आहे.

पानं कापली. 'पानासकट' हा शब्द तेव्हा थोडा टोचला. पण पान हे कंदाच्या पोटात धरलेलंच असतं, असा अर्थ मी लावून घेतला. आश्वासनांचे अर्थ नंतर लावता येतात, हे मी दरवर्षी बारावीला शिकवतो. मग लाल रंगाचा एक चेंडू आणून टबात सोडला. मंजुषा दारात उभी राहून बघत होती.

"हा कशाला?"

"बर्फ धरू नये म्हणून."

तिने उन्हाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन पंखा लावला.

राहता राहिलं खोल पाणी. टबात ते जेमतेम वीतभर. लातुरात खोल पाणी कुठे आहे, हा प्रश्न आमच्यासारख्यांनी विचारायचा नसतो. ज्या गावाला एकदा रेल्वेने पाणी आणावं लागलं तिथे खोली हा शब्द भाड्यानेच मिळतो. बराच विचार केल्यावर उत्तर सापडलं ते पायाखाली. आमच्या आठ घरांचा मिळून एक भूमिगत हौद आहे. पालिकेचं पाणी आठवड्याचं येतं, ते त्यात साठतं आणि मोटारीने वर चढतं. पुरुषभर खोल, अंधारा, थंड. त्या गोऱ्या गृहस्थाने पाहिला असता तर तो स्वतः त्यात उतरला असता.

मी अण्णांकडे किल्ली मागितली. "पाणी किती उरलंय ते बघतो म्हटलं."

"बघा की. शिकलेल्या मानसानं ध्यान दिलं पायजे," अण्णा कौतुकाने म्हणाले. या कौतुकाचा मला नंतर फार त्रास झाला.

सकाळी सगळे चहात असताना मी कुंडीला कपडे वाळत घालायची दोरी बांधली, कुंडी अलगद हौदात सोडली आणि दोरीचं टोक आतल्या कडीला बांधून झाकण लावलं. कंद सुरक्षित झाला. मी घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

कुंडीत आपली काळी माती होती. ही माती सोयाबीन पिकवते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाण्यात पडली की आपला स्वभाव दाखवते. पाणी सुटायच्या दिवशी पाइपाची धार नेमकी कुंडीवर पडली असावी. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा पूजेला बसले. नळाखाली तांब्या भरून घेतला आणि हातावर पाणी ओतलं, तर चहा. अक्कांच्या वरणात रंग उतरला. पलीकडच्या घरात दाढीचा साबण तपकिरी झाला. आठही घरांतून एकाच वेळी एकच प्रश्न बाहेर आला, आणि त्याचं उत्तरही सर्वांनी एकमुखाने दिलं: पालिका.

मी माझ्या नळाखाली हात धरून उभा होतो. हाताला बारीक मुळाचा तंतू लागला. मी तो खिशात टाकला.

अंगणात सभा भरली. लोक तापले होते. मी बोलायला तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सर, तुमी शिकलेले. निवेदन तुमी लिवा. आसं लिवा की त्येंची झोप उडाली पायजे."

त्या क्षणी मी म्हणू शकलो असतो की अण्णा, झोप माझी उडाली आहे. त्याऐवजी मी घरात गेलो आणि निवेदन लिहिलं. 'प्रशासनाची अक्षम्य बेफिकिरी', 'नागरिकांच्या आरोग्याशी चाललेला खेळ', 'दोषी व्यक्तीचा शोध घेऊन तिच्यावर कठोर कारवाई'. माझी भाषा अशी चढत गेली की शेवटच्या परिच्छेदाला मला स्वतःलाच गहिवरून आलं. खाली पहिली सही माझी घेतली गेली. एका स्थानिक पत्रात बातमी आली, 'गढूळ पाण्याने नागरिक हैराण', सोबत फोटो: गढूळ पाण्याची बाटली उंच धरलेला मी.

मंजुषाने तो फोटो नांदेडला पाठवला. लगेच फोन आला. "वा प्राध्यापक! वाघ आहात वाघ! बरं, आमचं कमळ कसं आहे?"

"खोल पाण्यात आहे," मी म्हणालो. माझ्या तोंडून त्या आठवड्यात निघालेलं एवढं एकच वाक्य खरं होतं.

प्रशासनाबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे, की ते निवेदनांची दखल घेत नाही. या वेळी घेतली. मोटारसायकलवरून पंढरी नावाचा कर्मचारी आला, पाठीला फवारणीचा पंप आणि हातात बॅटरी. अख्ख्या भागात पाणी काचेसारखं येतंय, तुमच्याच कॉलनीत कामून बिघडलं, असं म्हणत त्याने हौदाचं झाकण उचललं. सगळी कॉलनी भोवती. मीही होतो. न येणं संशयास्पद दिसलं असतं.

"हितं दोरी हाय," पंढरी म्हणाला आणि ओढायला लागला.

वर आली ती अर्धी रिकामी कुंडी, आणि तिच्यात चिखलाने माखलेला, मुळांच्या जटा सुटलेला एक काळा गोळा. रत्नम्मा अक्कांनी दोन्ही हात कानांवर नेले. "यप्पा! करनी! कुनीतरी भानामती केली बघा आपल्यावर!"

"हौदातच सोडली की! समद्यांच्या पोटात गेली!"

"त्या कोपऱ्यावरच्या प्लॉटवाल्याचं काम आसंल. रस्त्यावरनं भांडन झालतं न्हवं."

पाहता पाहता कोपऱ्यावरच्या प्लॉटवाल्याचा गुन्हा सिद्ध झाला आणि देवऋषी कुणाचा आणायचा, उदगीरचा की निलंग्याचा, यावर मतभेद सुरू झाले. मी अंधश्रद्धेवर कॉलेजात दरवर्षी भाषण देतो. गप्प राहिलो असतो तर सुटलो असतो. पण माणसाला त्याचं शिक्षण नको त्या वेळी आठवतं.

"मंडळी," मी म्हणालो, "करणी, भानामती असं काही नसतं."

"मंग हे काय हाय, सर?" पंढरीने तो गोळा माझ्यापुढे धरला.

"ही कुमुदिनी आहे. पाण्यातली चिवट वनस्पती. हा तिचा कंद."

"ह्ये तुमाला कसं म्हाईत?"

या प्रश्नावर मी जेवढा थांबलो तेवढं थांबायला नको होतं. कॉलनीची डोकी एकेक करून माझ्याकडे वळली. अण्णांनी आधी किल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोरी ओळखली ती मंजुषाने. "अहो, ही आपली कपड्यांची दोरी!" ती म्हणाली, आणि लगेच तोंडावर हात ठेवला. पण तोंडावर हात ठेवायची वेळ निघून गेल्यावरच तो ठेवायचा, असा आमच्या घरातला शिरस्ता आहे.

पंढरीने खिशातून निवेदनाची प्रत काढली, उलगडली आणि सावकाश वाचली. "दोषी व्यक्तीचा शोध घेऊन..." मग वर पाहिलं. "सर, पयली सही तुमचीच हाय की."

त्यानंतर त्याची नजर अंगणातल्या टबाकडे गेली. कुंडी काढल्यावर टब मी चेंडूसकट तसाच ठेवला होता, म्हणजे पाणी भरलेला. पाण्यात डासांच्या अळ्या लवलवत होत्या. तशा त्या सुखात दिसत होत्या.

"हा चेंडू कामून?"

"बर्फ धरू नये म्हणून."

पंढरीने अंगातला स्वेटर काढून मोटारसायकलवर टाकला, दस्तीने मानेचा घाम पुसला, टब आडवा केला आणि डासांची पैदास केल्याबद्दल माझ्या नावाने नोटीस फाडली. जाताना तो म्हणाला, "बर्फ पडला तर हापिसात कळवा, सर. आमी समदे बघायला येतो."

शिक्षा कॉलनीने ठरवली. हौद मी धुवायचा. माझ्या वयाचा, माझ्या शिक्षणाचा मनुष्य अर्ध्या चड्डीवर शिडीने हौदात उतरला आणि झाडूने चिखल गोळा करायला लागला, तेव्हा वर आठही घरांची मंडळी खुर्च्या टाकून बसली होती. "सर, कोपऱ्यात राहिलं." "तिकडं न्हाई, डावीकडं." "सर, आता खोली किती हाय ते नीट कळलं आसंल." मी शिकवताना वर्गात एवढी शांत आणि एकाग्र उपस्थिती मला कधी लाभली नाही. पण अण्णा मनाने मोठे. मी वर आल्यावर त्यांनी मला टॉवेल दिला आणि म्हणाले, "झालं ते झालं. येळवशीला शेताला यायचं बरं का. पावन्यांनाबी आना."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. आमच्याकडे त्या दिवशी अख्खं लातूर शेतावर जेवायला जातं आणि गावात फक्त कुलपं उरतात. ज्याला शेत नाही, तो शेत असलेल्या शेजाऱ्याशी वर्षभर गोडीने वागतो. माझं शेत नाही. अण्णांचं निलंग्याच्या रस्त्याला आहे. त्यामुळे त्या टॉवेलाचं मोल मला समजलं.

येळवशीला थोडेच दिवस उरले होते आणि कंद जिवंत होता. मी तो नखाने खरवडून पाहिला, आतून पांढरा आणि टणक. एक कोंबसुद्धा होता, शेंगदाण्याएवढा. तो पाहून मला पुन्हा उमेद आली. गोऱ्या गृहस्थाच्या दुसऱ्या एका व्हिडिओत मला आणखी एक उपाय सापडला: ज्यांच्याकडे खोल तळं नाही, त्यांनी कंद स्वच्छ धुऊन, ओल्या फडक्यात गुंडाळून थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवावा. लातुरात थंड आणि अंधारी अशी एकच जागा आहे.

"माझ्या फ्रीजमध्ये चिखल चालणार नाही," मंजुषा म्हणाली.

मी कंद दात घासायच्या जुन्या ब्रशने घासला. मुळं छाटली. इतका लख्ख केला की तो एखाद्या चांगल्या घरातल्या सुरणासारखा दिसायला लागला. ओल्या फडक्यात गुंडाळून मी तो फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवला. मंजुषाही मेथी-कोथिंबीर ओल्या फडक्यातच ठेवते, ही गोष्ट मला तेव्हा सोयीची वाटली.

इथे भज्जीबद्दल सांगितलं पाहिजे. भजी नव्हे, भज्जी. येळवशीचं खरं दैवत तेच. हिरवी तूर, वालाच्या शेंगा, हरभरा, वाटाणा, मेथी, चुका, गाजर, बोरं, रानात आणि घरात जे असेल ते चिंचेच्या कोळात, बेसन लावून शिजवायचं. तिच्यात काय घालावं याला नियम आहेत. काय घालू नये याला नाहीत. आमच्या कॉलनीत प्रत्येक घरची भाजी रत्नम्मा अक्कांकडे जमा होते आणि त्या मोठ्या पातेल्यात सगळ्यांची भज्जी करतात.

आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं पाहुण्यांसाठी खरेदीला गोलाईत गेलो होतो. मंजुषाने अक्कांना फोन केला. "अक्का, आमची भाजी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आहे. घराची किल्ली तुमच्याकडं आहेच. सगळी घेऊन जा."

मी तिच्या शेजारीच उभा होतो. पेरूचा भाव करत होतो.

येळवशीच्या सकाळी मी कप्पा उघडला. फक्त कोथिंबिरीची एक काडी होती, तीही सुकत चाललेली. मी धावत अक्कांच्या अंगणात गेलो. चुलीवर पातेलं रटरटत होतं आणि वास, खरं सांगायचं तर, फार चांगला येत होता.

"अक्का, आमच्या भाजीत एक फडकं होतं..."

"ते सुरन व्हय? लई झकास हुतं, सर. जरा कडू लागलं, म्हनून चिंच जास्ती घातली. सोलून, फोडी करून टाकलं बघा." त्यांनी डावाने ढवळून एक पांढरी फोड वर आणून दाखवली. तिची आणि माझी नजरानजर झाली.

गाडीत मी मंजुषाला सांगितलं. ती हसली नाही, पण या वेळचं न हसणं वेगळं होतं. "मी तुमचं ते भाजीत धरतच नव्हते हो," ती हळूच म्हणाली. मग माझं लक्ष दुसरीकडे वळावं म्हणून तिने माझ्या फोनवर तो पहिला व्हिडिओ लावला आणि जाहिरातीच्या पुढे नेला. केसाळ टोपीवाला गृहस्थ तोंडातून वाफ सोडत म्हणाला, "तुमच्या भागात पाणी गोठत नसेल, तर यातलं काहीही करू नका. पानं गळतील, कंद झोपेल आणि वसंतात आपोआप जागा होईल. त्याला फक्त त्रास देऊ नका." मंजुषाने फोन बंद केला. निलंग्याच्या रस्त्यावर त्या दिवशी गाड्यांची रांग लागली होती. प्रत्येक गाडीत आंबिलीचं मडकं होतं आणि प्रत्येक माणूस आनंदात होता, एक सोडून.

अण्णांच्या शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी केली होती. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव, मांडले होते. पूजा झाली, आरोळ्या देत शेतभर आंबील शिंपडली गेली, ज्वारी कंबरेएवढी डुलत होती आणि तेवढ्यात काळा चष्मा लावलेले शिवशंकरराव सासूबाईंना हात देत बांधावरून आले. मागे जयाताई, माझी मेव्हणी.

"काय प्राध्यापक! कुठाय आमचं कमळ? पानासकट?"

"आधी जेवून घ्या."

"म्हणजे मेलं!" ते जयाताईंना म्हणाले, आणि चष्म्यामागे त्यांचे डोळे लकाकले असावेत. चौथ्या किश्श्याची पहिली ओळ तिथेच, बांधावर जुळत होती. मला ती ऐकू येत होती.

पंगत बसली. कॉलनी, अण्णांचे भाऊबंद, गडी, आम्ही. पत्रावळीवर बाजरीचे उंडे, खिचडा, गव्हाची खीर आणि वाटीत भज्जी. शिवशंकररावांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"अक्का!" ते ओरडले. "नांदेडात असली भज्जी नाही! सगळ्या लातुरात नसेल! हे काय घातलंय? सुरण नाही, अळकुडी नाही. थोडं कडसर, पण काय चव!" त्यांनी पुन्हा मागून घेतली. मग आणखी एकदा. "पाण्याचा गुण आहे हा. मी पाण्याचा माणूस, मला कळतं." सासूबाई कवळीने सावकाश चावत म्हणाल्या, "आमचा शिवशंकर खाण्याचा पारखी." पंगतीने माना डोलावल्या. मी माझ्या वाटीला हात लावला नव्हता.

पोट भरल्यावर त्यांना काम आठवलं. त्यांनी आवाज चढवला, म्हणजे शेवटच्या पानापर्यंत पोचावा. "मंडळी, ऐका! या प्राध्यापकांना मी एक कमळ दिलं होतं. बर्फातसुद्धा न मरणारं. यांनी सगळ्यांपुढं शब्द दिला होता, येळवशीला जिवंत दाखवतो. चला, सर! सगळ्यांसमोर दाखवा. आहे की नाही?"

पंगत थांबली. कॉलनीला हौदापर्यंतचं माहीत होतं. त्यांच्या चेहऱ्यावरून ते कळत होतं आणि कुठल्याही क्षणी कुणीतरी बोललं असतं. मी सरकून साडूभाऊंच्या कानाशी गेलो आणि एक वाक्य सांगितलं. आवाज चढवायचं कारण नव्हतं.

त्यांचा जबडा थांबला. त्यांनी वाटीत पाहिलं. तळाशी एक पांढरी फोड उरली होती. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, त्या चावत होत्या. जयाताईंकडे पाहिलं. मग पंगतीवरून नजर फिरवली. एवढ्या लोकांनी त्यांना दोनदा मागून घेताना पाहिलं होतं. किस्सा त्यांच्या ओठावर आलेला मला स्पष्ट दिसला. आणि तो सांगितला तर शेवटी कमळ कुणी खाल्लं हेही सांगावं लागेल, हे त्यांना कळल्याचंही दिसलं. पाटबंधारे खात्यात मोठ्या हुद्द्यावर काम केलेल्या माणसाला, कुठे दार उघडायचं नाही हे कळतं.

"काय म्हनले सर?" अण्णांनी विचारलं. "हाय का न्हाई कमळ?"

शिवशंकररावांनी वाटी जरा दूर सारली. "आहे," ते म्हणाले. "मी खात्री करून घेतली. चांगलं आहे."

"पानासकट?" पंगतीतून कुणीतरी खवचटपणे विचारलं.

"आता पानांचं कशाला विचारता," साडूभाऊ घाईने म्हणाले. माझी बाजू त्यांनी घेतल्याची आमच्या नात्यातली ही पहिली वेळ.

रत्नम्मा अक्का डाव भरून आमच्यापुढे उभ्या राहिल्या. "दादा, तुमाला एवढी आवडली, वाईच घ्याच आनि. खास तुमच्यासाठी फोडी वेचून आनल्यात." येळवशीच्या पंगतीत वाटीवर हात आडवा धरणं म्हणजे शेताच्या मालकाचा अपमान. शिवशंकररावांनी माझ्याकडे पाहिलं आणि वाटी पुढे केली.

मीही माझी भरलेली वाटी उचलली. शेवटी साडू आहेत. त्यांना एकट्याने खाऊ देणं बरं दिसलं नसतं.